दोन महायुद्धांमधील कापूस : अमेरिका आणि वऱ्हाड

१९१८ पासून १९३९ पर्यंतच्या एकवीस वर्षांचा इतिहास आमच्या सुशिक्षित वाचकांस बहुधा तहांच्या आणि परिषदांच्या रूपानें परिचित असतो. व्हर्सायचा तह, राष्ट्रसंघ, मुसोलिनी व हिटलर यांचा उदय, आणि इकडे असहकार, सायमन कमिशन, गोलमेज परिषद, इतकीं नांवें घेतलीं कीं तो काळ समजला असें मानण्यांत येतें. परंतु ज्या काळांत शेतकऱ्याच्या घरांतील सोनें मोडलें गेलें, त्याचें शेत दुसऱ्याच्या खात्यावर चढलें आणि त्याच काळांत त्याच्या मुलानें प्रथम इंग्रजी शाळेची पायरी ओलांडली, त्या काळाचा सगळा इतिहास तहनाम्यांत सांपडावयाचा नाहीं. त्यासाठीं बाजारभावाकडे पाहिलें पाहिजे. वऱ्हाडापुरतें बोलावयाचें तर कापसाच्या भावाकडे. आणि कापसाच्या भावाकडे पाहूं लागलें कीं दृष्टि आपोआप अमेरिकेकडे वळते.

हा संबंध नवा नव्हता. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस इंग्लंडला पोंचेनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ सालीं मुंबईहून निघालेली आगगाडी नागपुरास पोंचली. १८७० सालीं जलंब ते खामगांव हा फांटा खुला करण्यास खुद्द व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो आले. एका तालुक्याच्या गांवीं व्हॉइसरॉयनें यावें एवढें महत्त्व त्या गांवास कापसानें आणून दिलें होतें. परदेशच्या बाजारांत वऱ्हाडी कापसास 'ऊमरा' म्हणत. तें उमरावतीचें, म्हणजे अमरावतीचें, व्यापाऱ्यांच्या तोंडीं झालेलें रूप होय.

बुलढाणा जिल्ह्यांतील धामणगांव बढे हें गांव उदाहरणादाखल घेऊं. मोताळा तालुक्यांतील, खानदेशच्या सीमेनजीकचें हें गांव जगाच्या कोणत्याही इतिहासांत आढळावयाचें नाहीं. अशा गांवच्या शेतकऱ्यानें न्यूयॉर्कचें नांव ऐकलेलें असो वा नसो, त्याच्या कापसाचा भाव मलकापूर-खामगांवच्या बाजारांत निघे, त्या बाजाराचें लक्ष मुंबईकडे असे, आणि मुंबई लिव्हरपूल व न्यूयॉर्क येथून येणाऱ्या तारांची वाट पाहात असे. वऱ्हाडी कापूस आंखूड धाग्याचा; त्याचें मोठें गिऱ्हाइक या काळांत जपान होतें. परंतु अमेरिकेचा लांब धाग्याचा माल स्वस्त झाला कीं जपानी गिरणीवाला आमच्या मालाकडे पाठ फिरवी. म्हणून अमेरिकेंतील भाव हा आमच्या भावाचा मापदंडच होता.

आतां पहिल्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेकडे पाहूं. बाहेरून पाहणारास ती कुबेराची नगरी वाटे. १९२० मध्यें तेथें सुमारें ऐंशी लाख मोटारगाड्या होत्या, त्या १९२९ पर्यंत सवादोन कोटींच्या वर गेल्या. १९२० च्या शिरगणतींत खेड्यांपेक्षां शहरांत राहणारांची संख्या प्रथमच अधिक भरली. त्याच सालीं स्त्रियांस मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती झाली, दारूबंदी अंमलांत आली आणि नभोवाणीचे नियमित कार्यक्रम सुरू झाले. परंतु याच वैभवाची दुसरी बाजूही होती. १९२३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत हिंदी माणूस नागरिकत्वास अपात्र ठरविला, आणि पुढच्याच वर्षीं परदेशीयांस दार बंद करणारा कडक कायदा झाला. 'कू क्लक्स क्लॅन' ही वर्णद्वेषी संघटना खेड्यापाड्यांतून उघड संचलनें करूं लागली.

या भरभराटींतून शेतकरी वर्ग मात्र प्रारंभापासूनच वगळला गेला होता. १९१९ सालीं अमेरिकेंत कापूस पौंडास पस्तीस सेंटांपर्यंत चढला. शेतकऱ्यानें त्या भावाच्या भरंवशावर जमीन घेतली, यंत्रें घेतलीं, गहाणखतें करून दिलीं. एका वर्षाच्या आंत भाव निम्म्याहून खालीं आला. गहाणखतावरील आंकडा मात्र जसाचा तसा राहिला. शेतमालास किमान किंमत मिळावी म्हणून काँग्रेसनें दोनदां मंजूर केलेलें बिल अध्यक्ष कूलिज यांनीं १९२७ व १९२८ मध्यें दोन्ही वेळां नाकारलें. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत चैन चालली असतां दक्षिणेंतील कापूसवाला आधींपासूनच मंदींत होता, ही गोष्ट पुष्कळ इतिहासकार ओझरती सांगतात; आमच्या मतें तीच मुख्य आहे.

वऱ्हाडांतही घडलें तें याच नमुन्याचें. युद्धानंतरच्या चढत्या भावानें येथें पैसा खेळूं लागला. रेच्यांचे व गांठी बांधण्याचे कारखाने रेल्वेच्या कडेनें उभे होते. अडत्ये, दलाल व सावकार यांची हंगामांत चंगळ असे. 'बनी' नांवाचा पूर्वीचा सुरेख धाग्याचा कापूस मागें पडून 'जरी' हा भरड, परंतु अधिक रुई देणारा कापूस शेतांत बसला होता. पुढें 'रोझियम' आला, तोही त्याच जातीचा. शेतकऱ्यानें गुण सोडून वजन धरलें असा दोष त्यास देण्यांत येतो. परंतु बाजार वजनास पैसा देत होता, गुणास देत नव्हता. तेव्हां शेतकऱ्याचा हिशेब बाजारानेंच शिकविलेला होता. ज्वारीच्या शेतांत कापूस आला. घरचें धान्य विकत घेण्याची पाळी आली. मुलाबाळांचीं लग्नें, विहिरी, बैलजोड्या आणि शेजारचें शेत, यांसाठीं कर्जें काढलीं गेलीं. भाव चढा असेपर्यंत तीं कर्जें कोणासच जड वाटलीं नाहींत. १९२९-३० सालीं नेमलेल्या प्रांतिक बँकिंग चौकशी समितीनें मध्यप्रांत व वऱ्हाड यांतील ग्रामीण कर्जाचा अंदाज छत्तीस कोटी रुपये असा बांधला.

आमच्या मध्यमवर्गीय समाजांत एक समजूत रूढ आहे कीं, शेतकरी बुडाला तो लग्नांतील उधळपट्टीनें आणि अज्ञानानें. या समजुतीस अमेरिकेचें उदाहरण हें उत्तम उत्तर होय. आयोवा परगण्यांतील शेतकरी साक्षर होता, वर्तमानपत्र वाचीत होता, त्याच्या दारांत मोटार होती. मुलीच्या लग्नांत गांवजेवण घालण्याची त्यास चाल नव्हती. तरीही तो धामणगांवच्या शेतकऱ्याप्रमाणेंच बुडाला. दोघांचा दोष एकच : चढ्या भावाच्या काळांत कर्ज केलें, आणि उतरत्या भावाच्या काळांत तें फेडावें लागलें. शंभर रुपयांचें कर्ज फेडण्यास जेथें पूर्वीं एक गाडी कापूस पुरे, तेथें आतां दोन गाड्या लागूं लागल्या. कागदावर कर्ज वाढलें नाहीं. कापसाच्या मापानें मात्र तें दुप्पट झालें.

१९२९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. अमेरिकेंत सोळा-सतरा सेंटांवर असलेला कापूस १९३१ सालीं सहा सेंटांच्याही खालीं गेला. हिंदुस्थानांतही कापसाचा भाव दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आला. सारा मात्र रोकड रकमेचा, तीस वर्षांच्या जमाबंदीनें ठरलेला. सावकाराचें व्याजही रोकड. त्यांतच रुपयाचा दर १९२७ च्या कायद्यानें एक शिलिंग सहा पेन्सांस बांधलेला होता. चढा दर म्हणजे परदेशीं विकलेल्या मालाचे कमी रुपये. म्हणून मुंबईचे व्यापारी व पुढारी एक शिलिंग चार पेन्सांचा आग्रह धरून बसले होते. तो वाद सामान्य वाचकास क्लिष्ट वाटे, पण त्या दोन पेन्सांत वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा मोठा वांटा अडकलेला होता.

१९३१ च्या सप्टेंबरांत इंग्लंडनें सुवर्णचलन सोडलें आणि रुपया पौंडाच्या मागोमाग घसरला. सोन्याचा रुपयांतील भाव एकाएकीं चढला. मग खेड्यापाड्यांतून सोनें बाहेर पडूं लागलें. पुतळ्यांची माळ, पाटल्या, गोठ, जें पिढीजात होतें आणि जें स्त्रीधन म्हणून कोणी हात लावीत नसे, तें सराफाच्या कांट्यावर चढलें. पुढील सहा-सात वर्षांत हिंदुस्थानांतून अडीचशें कोटी रुपयांहून अधिक किंमतीचें सोनें परदेशीं गेलें. सरकारी अहवालांनीं याचें वर्णन फायद्याचा व्यापार असें केलें. चढत्या भावानें कांहींनीं खुशीनें सोनें विकलें हें खरें; परंतु ज्या घरांतून तें सारा भरण्यासाठीं गेलें, त्या घरांतील बाईस हा व्यापार कसा वाटला असेल याची नोंद कोणत्याही निळ्या पुस्तकांत नाहीं.

येथपर्यंत दोन्ही देशांची कथा एकच आहे. पुढें मात्र वाटा फुटतात, आणि त्या कां फुटल्या हाच या लेखाचा मुख्य विषय आहे.

अमेरिकेंत संकटास उत्तर दोन ठिकाणांहून आलें. पहिलें शेतकऱ्यानें स्वतःच दिलें. आयोवा, नेब्रास्का इत्यादि भागांत शेताचा लिलाव निघाला म्हणजे शेजारचे शेतकरी शेंकड्यांनीं जमत, एकेका सेंटाची बोली बोलत, बाहेरच्या माणसास बोली करूं देत नसत, आणि घेतलेला माल मूळ मालकास परत करीत. १९३३ च्या एप्रिलांत आयोवांतील ले मार्स येथें जप्तीचे हुकूम थांबविण्यास नकार देणाऱ्या न्यायाधीशास जमावानें न्यायासनावरून ओढून बाहेर नेलें. दुसरें उत्तर राज्यकर्त्यांकडून आलें. १९३२ च्या निवडणुकींत रूझवेल्ट निवडून आले आणि १९३३ मध्यें शेतीविषयक नवा कायदा झाला. माल फार पिकतो म्हणून भाव पडतो, तर पीकच कमी करावें आणि जो कमी करील त्यास सरकारनें पैसा द्यावा, असें त्याचें तत्त्व. त्या उन्हाळ्यांत उभ्या कापसाच्या एक कोटीहून अधिक एकरांवर नांगर फिरविण्यांत आला. जन्मभर झाडावर पाय न ठेवण्यास शिकलेलीं खेचरें पिकांतून चालेनात, अशी गोष्ट तेथें सांगतात. कारखान्यांतील मजूर फाटक्या कपड्यांनीं फिरत असतां शेतांतील कापूस मातींत गाडावा हें दृश्य शहाणपणाचें होतें काय, हा प्रश्न त्या वेळींही विचारला गेला. पण भाव वर आला, आणि जमीनमालकाच्या हातांत सरकारी हुंडी पडली, हें नाकारतां येत नाहीं.

वऱ्हाडची राजकीय स्थिति अगदींच निराळी होती. हा प्रांत कागदोपत्रीं निजामाचा. १९०२ च्या कायम पट्ट्यानें वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर इंग्रजांकडे असलेला, आणि १९०३ पासून मध्यप्रांतास जोडलेला. वऱ्हाडचा वसूल मध्यप्रांतावर खर्च होतो ही तक्रार जुनीच होती. १९१९ च्या सुधारणांनीं आलेल्या नागपूरच्या कायदेमंडळांत १९२३ सालीं स्वराज्य पक्षास पूर्ण बहुमत मिळालें, जें इतर कोणत्याही प्रांतांत मिळालें नव्हतें. आणि त्यांनीं द्विदल राज्यपद्धति बंद पाडून दाखविली. १९२५ च्या ऑक्टोबरांत अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनीं गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळांतील जागा स्वीकारली आणि पक्षांत फूट पडली. पुढच्या वर्षीं अकोल्यास प्रतियोगी सहकार पक्ष निघाला. केळकर, जयकर, मुंजे, अणे यांच्या त्या वादांत बुद्धीचें तेज पुष्कळ होतें. परंतु अधिकारपद घ्यावें कीं न घ्यावें या प्रश्नांतच सगळी शक्ति वेंचली गेली. पद घेऊन शेतकऱ्याच्या कर्जाचें काय करावयाचें, हा प्रश्न कोणत्याच बाजूनें पुढें आणला नाहीं. मतदार थोडे, त्यांत बडे खातेदार, वकील व व्यापारी यांचें प्राबल्य; तेव्हां हें आश्चर्याचें नाहीं.

या चित्रांत बदल झाला तो दोन बाजूंनीं. १९३० च्या जुलैमध्यें बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखालीं पुसद येथें जंगल सत्याग्रह सुरू झाला, आणि राखीव जंगलांतील गवत हा खेडुताच्या रोजच्या जीवनांतील प्रश्न राष्ट्रीय चळवळीशीं प्रथम जोडला गेला. दुसऱ्या बाजूनें, शेतकरी कुटुंबांतून आलेले नवे लोक कायदेमंडळांत शिरले. त्यांतील अग्रणी डॉ. पंजाबराव देशमुख. अमरावती जिल्ह्यांतील पापळ येथें १८९८ सालीं जन्मलेले, विलायतेंत वैदिक वाङ्मयांतील धर्मावर प्रबंध लिहून आलेले हे गृहस्थ १९३० मध्यें मंत्री झाले. आणि १९३३ सालीं मध्यप्रांतांत कर्ज समेटाचा कायदा झाला. हिंदुस्थानांतील या जातीचा तो पहिला कायदा. त्याअन्वयें मंडळें नेमावयाचीं, धनको व ऋणको यांस समोरासमोर बसवावयाचें, आणि जमीन टिकून हप्ते फिटतील एवढ्यावर कर्ज आणावयाचें. दामदुपटीचें जुनें तत्त्वही याच सुमारास कायद्यानें पुन्हां उचललें. ज्या प्रकरणांत समेट झाला तेथें कर्जाची रक्कम बरीच खालीं आली. परंतु मुळांत ही व्यवस्था राजीखुशीची होती. सावकार न वळला तर मंडळाचा इलाज थोडा. सहकारी पतपेढ्यांची स्थितिही बिकट झाली. शेतकऱ्यास सावकारापासून सोडविण्यासाठीं निघालेल्या संस्थांच्याच नांवावर थकबाकीपायीं शेतें चढूं लागलीं. १९३७ मध्यें डॉ. खरे यांचें व नंतर पंडित रविशंकर शुक्ल यांचें काँग्रेस मंत्रिमंडळ आलें, आणि १९३९ मध्यें कर्जनिवारणाचा अधिक कडक कायदा झाला. तोंवर दहा वर्षें उलटून गेलीं होतीं. जीं शेतें जावयाचीं तीं गेलीं होतीं.

अमेरिकेनें चार वर्षांत जें केलें त्यास आम्हांकडे दहा वर्षें कां लागलीं? श्रीमंती हें एक कारण खरेंच. परकीय राज्य हें दुसरें. परंतु याहून सूक्ष्म कारण असें कीं, आयोवाचा शेतकरी मतदार होता, आणि आमच्याकडे १९३५ च्या कायद्यापर्यंत सबंध ब्रिटिश हिंदुस्थानांत मतदार सुमारें सत्तर लाख होते. त्या कायद्यानें ते तीन कोटींच्या आसपास गेले, आणि १९३६ च्या डिसेंबरांत, आमच्या जिल्ह्याच्या शेजारच्या खानदेशांत, फैजपूर या खेड्यांत काँग्रेसचें अधिवेशन भरून तेथें शेतकऱ्यांचा कार्यक्रम मंजूर झाला. काँग्रेस खेड्यांत आली ती मतें खेड्यांत आलीं तेव्हां, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

मताचा हा नियम किती निष्ठुर आहे हें अमेरिकेंतच अधिक स्पष्ट दिसतें. दक्षिणेंत कापूस पिकविणारा बहुतेक निग्रो बटाईदार मतापासून वंचित ठेवलेला होता. मतासाठीं पट्टी भरावी लागे, परीक्षा घेतल्या जात. म्हणून नांगर फिरविल्याबद्दलचा सरकारी पैसा जमीनमालकास मिळाला, आणि पीक कमी केल्यामुळें नको झालेल्या बटाईदारास झोंपडी सोडावी लागली. जो कायदा शेतकऱ्यास तारण्यासाठीं केला, त्याच कायद्यानें शेतांत राबणारा माणूस बेघर झाला. १९३४ च्या जुलैमध्यें आर्कान्सास परगण्यांतील टायरोंझा येथें काळ्या व गोऱ्या बटाईदारांनीं मिळून एक संघ स्थापिला, तो याच अन्यायांतून.

वऱ्हाडांतही समेटाच्या मंडळापुढें येई तो खातेदार. सालदार, वेचणीवाली बाई, बटाईनें शेत वाहणारा, गांवचा महार, यांच्या नांवावर खातें नाहीं. खातें नाहीं म्हणून तारण नाहीं, आणि तारण नाहीं म्हणून त्याचें कर्जही कागदावर नाहीं. भाव पडला तेव्हां त्याची मजुरी आधीं कमी झाली. कायदा झाला तेव्हां त्याचा उल्लेख त्यांत नव्हता. या माणसाच्या वतीनें बोलणारा मनुष्य अमेरिकेंतच शिकलेला होता, हा योगायोग चिंतनीय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठांत होते. १९२८ सालीं सायमन कमिशनपुढें त्यांनीं प्रौढ मताधिकाराची मागणी केली, तेव्हां ज्यांना अक्षर येत नाहीं त्यांस मत कसलें, असें आमच्या वर्गांतील पुष्कळांनीं विचारलें. १९३६ मध्यें त्यांनीं स्वतंत्र मजूर पक्ष काढला, त्याच्या नांवांत जातीऐवजीं मजूर हा शब्द घातला. मत हें विद्वत्तेचें बक्षीस नसून ज्याच्यावर संकटाचा भार पडतो त्याचें संरक्षण आहे, हा विचार त्या मागणीच्या मुळाशीं होता. आणि वर दिलेल्या दोन्ही देशांच्या कथेनें तो खरा ठरविला आहे.

सामाजिक बदलाकडेही याच दृष्टीनें पाहिलें पाहिजे. मध्यप्रांतांत स्त्रियांस १९२७ मध्यें मताचा हक्क मिळाला, अमेरिकेच्या मागोमाग सातच वर्षांनीं. परंतु मालमत्तेची अट असल्यानें तो थोड्याच घरांत पोंचला. त्याच वर्षीं अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाची चळवळ उभी राहिली. १९३२ सालीं श्री शिवाजी शिक्षण संस्था निघाली आणि कुणब्या-माळ्यांच्या मुलांस वसतिगृहें व शाळा यांची वाट मोकळी झाली. ऐन मंदींत, शेत हातचें जात असतां, बापानें मुलास शाळेंत घातलें, ही गोष्ट वरवर विसंगत दिसते. वास्तविक ती अगदीं सुसंगत आहे. जमीन आपलें रक्षण करीत नाहीं, कागद वाचणाराच तरतो, हें मंदीनें त्यास शिकविलें होतें. वऱ्हाडांत शिक्षणाची जी नवी भूक उत्पन्न झाली तिच्या पोटांत हा अनुभव होता, असें आम्हांस वाटतें.

पुढें दुसरें महायुद्ध आलें, भाव पुन्हां चढले, आणि १९३० चीं वर्षें विस्मृतींत गेलीं. १९५० च्या घटनेनें प्रौढ मताधिकार दिला. १९५१-५२ च्या निवडणुकींत खातेदार आणि सालदार एकाच रांगेंत उभे राहिले. पंजाबराव देशमुख देशाचे शेतीमंत्री झाले. १९७२ पासून महाराष्ट्र सरकारनें कापसाची एकाधिकार खरेदी अनेक वर्षें चालविली, ती या मताचेंच फळ होय. तथापि तीही टिकली नाहीं, आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून विदर्भांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचें जें सत्र सुरू झालें, त्यानें जुना प्रश्न पुन्हां आमच्यापुढें आणून ठेविला. भाव आजही आपल्या शिवारांत ठरत नाहीं. तो कोठें ठरावा हें आपल्या हातीं फारसें नाहीं. पण पडलेल्या भावाचा भार कोणीं किती उचलावयाचा, हें कायद्यानें ठरतें आणि कायदा आपण निवडलेले लोक करतात. त्या कायद्याच्या मसुद्यांत ज्याच्या नांवावर सातबारा नाहीं त्याचें नांव आहे कीं नाहीं, एवढें पाहण्याची संवय आमच्या सुशिक्षित वर्गानें लावून घेतली, तर त्या एकवीस वर्षांचा इतिहास वाचल्याचें सार्थक होईल.